आत्याने नापास केलेला मजला

माझी आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी दाराला भेटते, मग माणसांना. यजमान "या, या" म्हणत उभे असतात आणि ही बाई दार अर्धं उघडून सोडून देते, मान कलती करून ते बंद होताना ऐकते, चौकटीच्या फटीत नख घालून बघते आणि मगच चपला काढते. दार पसंत पडलं तर चहा घेते. नाही पडलं तरी चहा घेते, पण मग घोटागणिक यजमानाला ऐकवते. आतोबांची तक्रार अशी, की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बिजागरीकडे बघते तसं हिनं माझ्याकडे एकदाही बघितलेलं नाही.

भाड्यानं दिलेल्या इमारतींमधली आगीची दारं तपासायची आणि धड ठेवायची, हे तिचं काम. जिन्याच्या तोंडाशी आणि प्रत्येक घराला जे जड, जाडजूड दार असतं, ते हे. आपण त्याला शिव्या देतो, कारण उघडताना खांदा लावावा लागतो आणि सोडलं की पाठीत बसतं. आत्याच्या मते मात्र तेवढीच खरी दारं, बाकीचे नुसते पडदे. शेजारी आग लागली तर हे दार ती आग आणि तो धूर बराच वेळ अडवून धरतं, तेवढ्यात माणसं बाहेर पडतात किंवा मदत येते. अट एकच, की दार बंद असलं पाहिजे आणि नीट बंद असलं पाहिजे. आणि माणसाला तर उघडं दार आवडतं. त्यामुळे आत्या उभा जन्म लोकांशी भांडत आली आहे. दार उघडं ठेवायला लोक पाचर मारतात, कुंडी लावतात, चपलांचा ढीग लावतात. एका घरी तर दाराला सासऱ्यांची खुर्ची लावलेली होती, सासऱ्यांसकट. आत्यानं दोघांना बाजूला घेतलं.

ती गोड बोलून काम करणाऱ्यांतली नाही. तिच्या नाकावर माशी बसत नाही, आणि बसलीच तर ती माशी चुकून बसलेली असते. पण तिच्या शब्दाला वजन आहे. ज्या कंपनीत ती नोकरी करते तिच्याच ऑफिसचं मागचं दार तिनं एकदा नापास केलं होतं, तेही साहेबांचा वाढदिवस चालू असताना. साहेब म्हणाले, "अहो, आज तरी!" आत्या म्हणाली, "आगीला सांगते, आज येऊ नकोस म्हणून." दार दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं.

ही विद्या तिला मिळाली माझ्या बाबांकडून, म्हणजे तिच्या थोरल्या भावाकडून. आमचं घराणं सुतारांचं. आजोबा मुलीच्या हाती हत्यार द्यायला तयार नव्हते. पोरीची जात, बोट कापलं तर कोण करून घेईल, हा त्यांचा सवाल. मग दुपारी आजोबा जेवून आडवे झाले की बाबा तिला रंधा द्यायचे आणि स्वतः दारात राखणीला बसायचे. लाकूड कसं बघायचं, पटाशीला धार कशी लावायची, सगळं तिला बाबांनी शिकवलं. ते तिला तेव्हा 'बारके' म्हणायचे, अजूनही म्हणतात. आत्या आता उंचीनं बाबांच्या वर आहे आणि रुंदीबद्दल मी बोलत नाही.

बाबांचा हात मात्र खरोखर देवाचा. मुलगी म्हणून सांगत नाही. त्यांनी रंधा मारलेल्या फळीवरून तळहात फिरवला तर फळी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नाही. दोष एकच, दुसऱ्याचं, विशेषतः धाकट्या बहिणीचं, ते ऐकत नाहीत. आत्या जेवताना तिच्या दारांबद्दल बोलायला लागली की बाबा "हो, हो" म्हणत भाजी वाढून घेतात. तिचं काम त्यांच्या लेखी सुतारकाम नव्हेच. "दार करणं निराळं आणि दाराला मार्क देणं निराळं," हे त्यांचं मत, आणि ते तिच्या तोंडावर सांगायलाही कमी करायचे नाहीत.

आई गेली तेव्हा बाबा काम सोडून बसलेलेच होते. मी त्यांना माझ्या घरी आणलं. माझ्याकडे दोन खोल्या, आम्ही दोघं, मुलं, सासूबाई. कुणी त्यांना काही कमी केलं नाही, पण ते खिडकीजवळच्या पलंगावर बसले ते बसलेच. माणूस नव्हे, कुणीतरी ठेवायला दिलेलं सामान, असे दिसायला लागले. शेवटी त्यांनीच हट्ट धरून एका भाड्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. मी रडले, आत्या चिडली. पण तिनं जाऊन दार बघितलं, पास केलं, आणि मग आमचाही इलाज चालला नाही.

आणि तिथे बाबा परत माणसात आले. ते आले दारांमुळेच.

झालं असं, की त्या मजल्यावरची दारं रहिवाशांना नकोशी झालेली होती. शेजारच्या शिवणवाल्या काकूंचा खांदा दुखरा, त्यांना दार लोटवत नसे. पलीकडे एक नर्स राहायची, तान्ह्या मुलीला घेऊन. दार आपटलं की मूल दचकून उठायचं. कोपऱ्यातले मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, त्यांचं दार पार घासून अडायचं. मॅनेजरकडे सगळ्यांनी तक्रारी केल्या होत्या. "माणूस पाठवतो," म्हणून मॅनेजर सांगायचा, आणि तो माणूस बहुधा चालत येत होता, कारण वर्ष होत आलं तरी पोचला नव्हता.

एक दिवस काकूंनी बाबांना विचारलं, "मेस्त्री, तुम्ही बघाल का हो जरा?"

बस्स. बाबांनी पलंगाखालून हत्यारांची पेटी ओढली. काकूंचं दार उतरवलं, कड तासली, मेण घासलं, वरचा दार ओढून लावणारा तो दांडा सैल केला. चौकटीच्या खाचेत एक चपटी, रबरासारखी पट्टी बसवलेली त्यांना दिसली. बाबांनी तोंड वाकडं केलं. चांगला सुतार पट्टी लावून फट झाकत नाही. ज्याला फट सारखी काढता येत नाही तो पट्टी मारतो, असं त्यांचं सरळ गणित. त्यांनी ती पट्टी उपटून फेकली, खाच लाकडानं बुजवली, वर पॉलिश मारलं. कुठे जोड आहे ते शोधून दाखवावं! दार बोटानं उघडायला लागलं आणि आवाज न करता मिटायला लागलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग नर्सबाई आल्या, मग मास्तर आले. करता करता बाबांनी सगळा मजला केला, स्वतःच्या दारासकट.

त्या दिवसांत मी गेले की बाबा घरी सापडायचे नाहीत. मास्तरांकडे पट मांडलेला असायचा, नाहीतर नर्सबाईंची मुलगी यांच्या मांडीवर असायची. काकू भाजीची वाटी आणून द्यायच्या. "तुमच्यासारखा हात बघितला नाही मेस्त्री," असं जो तो म्हणायचा आणि बाबा हरभऱ्याच्या झाडावर आणखी एक फांदी वर चढायचे. मलाही बरं वाटायचं. मी दारांकडे कशाला बघते? मी बाबांकडे बघत होते, आणि ते हसत होते.

आणि त्यांना हे काम आत्याला दाखवायची कोण घाई झाली होती! पण फोनवर सांगायचं नाही, ती स्वतः बघेल तेव्हाच मजा. तिच्याकडे जेवायला तेच जायचे, त्यामुळे ते पहिलं दार पास केल्यापासून तिचं इकडे येणं झालं नव्हतं. तेवढ्यात त्या इमारतीची तपासणी आत्याच्या कंपनीकडे आली. आत्यानं ऑफिसात सांगून टाकलं, "तिथे माझा भाऊ राहतो, दुसऱ्या कुणाला पाठवा." साहेब म्हणाले, "तुम्ही ऑफिसचं दार सोडलं नाहीत, भावाचं काय सोडणार!" त्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी सुट्टी घेऊन गेले होते, मलाही तमाशा बघायचा होता. चांगला तमाशा बघायचा होता, असं म्हणायला हवं.

आत्या जिन्यातून वर आली, हातात बॅटरी, खांद्याला पिशवी. पहिलं दार काकूंचं. तिनं ते उघडून सोडलं. ते अलगद आलं आणि चौकटीला न टेकताच थांबलं. आत्यानं बॅटरी लावून फट बघितली. मग बॅटरी बंद केली, डोळे मिटले आणि दाराच्या कडेवरून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला.

बाबांना कड कधी धारदार ठेवायला आवडत नाही. ते शेवटी दोनच हलके हात मारतात आणि कोपऱ्याशी रंधा न नेता तिथे कागदानं घासतात, म्हणजे कोपरा उडत नाही. आत्याला हे त्यांनीच शिकवलेलं. तिचा अंगठा कोपऱ्यापाशी जाऊन थांबला. तिनं डोळे उघडून बाबांकडे बघितलं.

"कसं आहे?" बाबांनी विचारलं. त्यांचं तोंड आधीच फुललेलं होतं.

"सगळी अशीच केलीस, दादा?"

"सगळी!"

आत्या एकेक दार बघत मजला संपवून आली आणि बाबांच्या घरात येऊन खुर्चीवर बसली. मी चहा दिला. तिनं कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. आत्यानं चहा ठेवून दिला म्हणजे काहीतरी फार बिघडलंय, एवढं मला कळलं.

"दादा, तू सगळी दारं बिघडवलीस," ती म्हणाली.

बाबा हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग तिचा चेहरा बघून ते भडकले. "मी? बिघडवली? अडत होती ती! आपटत होती! माझ्या हातचं दार बिघडलेलं कधी बघितलंयस का तू?"

"नाही. म्हणून तर मला बसायला लागलं." आत्यानं सांगायला सुरुवात केली, की ती पट्टी फट झाकायला नव्हती. उष्णता लागली की ती फुगते आणि सगळी फट बंद करते. दाराच्या कडेला एक सूतभरच जागा लागते, ती तू दुप्पट-तिप्पट केलीस. दांडा सैल केलास, त्यामुळे दार कुलपात जातच नाही. बाबा एकही शब्द ऐकत नव्हते. ते भिंतीकडे बघत "हो, हो" म्हणत होते, जेवताना म्हणतात तसंच.

आत्या उठली. तिनं पिशवीतून एक सुती चिंधी काढली, तिचा पीळ केला. "दोघं आत बसा," म्हणाली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. ही काही तपासणीची रीत नव्हे. ही खास बाबांसाठी होती. बाहेर काडी ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग दाराच्या कडेनं, बाबांनी इतक्या मायेनं तासलेल्या त्या कडेनं, एक बारीक धुराची रेघ आत आली. तिच्यामागून आणखी एक. धूर घाई करत नव्हता. वर चढत होता, पलंगावरच्या चादरीकडे वळत होता. आम्ही दोघं नुसते बघत होतो. बाबा उठले आणि त्यांनी फटीवर तळहात ठेवला. धूर बोटांमधून यायला लागला. त्यांनी दुसरा हात ठेवला. तो वरून आला.

आत्यानं दार उघडलं. चिंधी पाण्यात विझवली. एका चिंधीचाच धूर तो, पण खोलीत वास भरून राहिला होता.

"नर्सबाईंच्या दारातूनही येईल?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी लहान.

"तिथे जास्त येईल," आत्या म्हणाली. "तिचं तू सगळ्यांत छान केलंयस."

बाबा पलंगावर बसले आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले. मला आत्याचा भयंकर राग आला, आणि ती खरं बोलत होती म्हणून जास्तच आला.

त्या दिवशी आत्या हलली नाही. पिशवीतल्या पट्ट्या काढून तिनं तात्पुरत्या लावल्या, सगळे दांडे परत घट्ट केले. बाबा तिच्या मागे स्टूल घेऊन फिरत होते. प्रत्येक घरी बाबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "मी चुकलो. तुमचं दार दिसायला चांगलं आहे, पण कामाचं नाही. ते रात्री नीट ओढून घ्या." माझ्या बाबांना 'मी चुकलो' म्हणताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. काकू म्हणाल्या, "अहो, असू दे हो." पण नर्सबाईंनी मुलीला उराशी धरलं.

पुढचा प्रश्न दारांचा नव्हता. सगळी दारं बदलायला लागणार होती, ते मालकानं बघितलं असतं. प्रश्न बाबांचा होता. भाड्याच्या करारात स्वच्छ शब्दांत होतं, की आगीच्या दाराला भाडेकरूनं हत्यार लावलं तर जागा सोडावी लागेल. आत्या दारं नापास करणार, मॅनेजर येऊन विचारणार की हे केलं कुणी, आणि उत्तर मिळालं की बाबा परत माझ्या खिडकीजवळच्या पलंगावर. या खेपेला ते तिथून उठणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मजल्यावरच्या लोकांनी मास्तरांकडे बसून ठरवलं. मेस्त्रींचं नाव कुणी घ्यायचं नाही. ज्यानं त्यानं म्हणायचं, माझ्या दाराचं मीच केलं. नर्सबाई सगळ्यांत आधी हो म्हणाल्या. सगळ्यांनाच कसा घराबाहेर काढेल मालक? बाबांना एवढंच काम दिलं, की गप्प बसायचं. आता बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे हे काम सगळ्यांत अवघड होतं. मी त्यांना माझी शपथ घातली.

पण खरी भीती आत्याची होती. मी तिला जिन्यात गाठलं. "तू म्हण, मला माहीत नाही. एवढंच म्हण."

"मला विचारलं नाही तर मी आपणहून सांगणार नाही," आत्या म्हणाली. "विचारलं तर सांगणार."

"सख्खा भाऊ आहे तुझा! त्यानं तुला शिकवलं!"

"त्यानंच शिकवलं, म्हणून तर अंगठा लावला की कळतं." ती जिन्याच्या पायरीवर खाली बसली. मी तिला कामावर असताना असं पायरीवर बसलेलं कधी बघितलं नव्हतं. "पोरी, मी ठीक आहे म्हणते म्हणून किती इमारतींत माणसं निवांत झोपतात. मी एका दाराचं खोटं सांगितलं तर त्यांनी कुणाच्या भरवशावर झोपायचं? आणि खरं सांगितलं तर दादानं कुठे झोपायचं? तूच सांग, मी काय करू." आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी रागानं खाली निघून गेले.

मॅनेजर आला तो भर दुपारी. चष्मा लावलेला, घाम पुसणारा, वाईट नसलेला माणूस. सगळा मजला बाहेर येऊन उभा होता.

"माझं मीच केलं," मास्तर म्हणाले. "अडत होतं. मग काय, तासलं."

"माझंही मीच," काकू म्हणाल्या.

"तुम्ही? रंध्यानं?"

"का? जन्मभर कापड बेततेय. कापड काय नि लाकूड काय, रेघ धरून चालायचं."

"मी ड्युटीवरून आल्यावर केलं," नर्सबाईंनी सांगितलं. "मूल झोपल्यावर."

मॅनेजरनं चष्मा वर सरकवला. दार उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं, मिटलं. तो काही बावळट नव्हता. तो आत्याकडे वळला. "बाई, तुम्हाला म्हणे नुसत्या कामावरून हात ओळखता येतो. हे तिघांचं काम आहे की एकाचं? आणि एकाचं असेल तर कुणाचं?"

सगळे आत्याकडे बघायला लागले. इकडे आड, तिकडे विहीर. आत्यानं बॅटरी पिशवीत टाकली, परत बाहेर काढली. तिनं एकदा बाबांकडे बघितलं आणि तोंड उघडलं. "हे काम..."

"मास्तर!" बाबा एकदम ओरडले. "रंधा कुठल्या हातात धरतात, सांगा बघू!"

मास्तर गडबडले. त्यांनी डावा हात वर केला, मग उजवा.

"बघा! बघा!" बाबा पुढे आले. "जन्मभर फळ्यावर लिहिलं, पण एक ओळ सरळ गेली नाही यांची, आणि म्हणे दार मी तासलं! अहो, ही कड बघा. हा कोपरा बघा. तुमच्या सात पिढ्यांत कुणाला जमलंय? नि काकू, तुम्ही शिवणापुरतं बोला! हे माझं काम आहे. सगळीच्या सगळी दारं माझी आहेत. घ्या लिहून!"

असा हात दाखवून अवलक्षण करणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. मी कपाळावर हात मारला. काकू मटकन खाली बसल्या.

मग आत्या बोलली. आवाज तिचा नेहमीचा, खणखणीत. "त्याचंच आहे काम. आता पुढचंही लिहा. यातली काही दारं बसवतानाच वाकडी बसवली होती, म्हणून अडत होती. दांडे इतके कडक ठेवले होते, की दुखऱ्या खांद्याच्या बाईला स्वतःच्या घरात जाता येत नव्हतं. या लोकांनी वर्षभर तक्रारी केल्या. कुणी आलं नाही. कुणीच येत नाही, तेव्हा शेजारचा येतो. त्यानं चूक केली, मोठी चूक केली. पण ही दारं याच्या रंध्यानं बिघडायला लागलेली नाहीत. हे मी सहीनिशी देईन, आणि मालकांनी विचारलं तर त्यांनाही सांगेन."

मॅनेजर घाम पुसत गेला. पुढचे काही आठवडे आम्ही जीव मुठीत धरून काढले. बाबा सामान बांधून बसले होते, खरोखरच, पेटीसकट. पण वरून जो निरोप आला तो असा, की सगळ्या मजल्याला नवी दारं बसतील आणि मेस्त्रींनी यापुढे स्वतःच्या कपाटाखेरीज कशालाही हात लावू नये. वर्षभर माणूस पाठवला नाही, याची चर्चा मालकाला नको असावी. का असेना! मी त्या दिवशी बाबांच्या पेटीवर बसून पोटभर रडले.

मजल्यावर मात्र बाबांची थट्टा सुरू झाली ती आजतागायत चालू आहे. स्वतःच्या कामाची तारीफ दुसऱ्यानं घेतलेली सहन झाली नाही म्हणून घर घालवायला निघालेला माणूस! मास्तर पट मांडताना विचारतात, "मेस्त्री, सोंगटी कुठल्या हातात धरायची?" बाबाही छाती काढून सांगतात, "जाऊ द्या हो, ते काम तुमच्या नावावर जाणं म्हणजे त्या लाकडाचा अपमान." आत्यासुद्धा म्हणायची, "दादाची हौस. जीव जाईल, पण हौस जाणार नाही." आणि मीही तेच धरून चालले होते.

नवी दारं बसली. आत्या तपासायला आली तेव्हा मी बाबांकडे होते. तिनं मजला बघत बघत शेवटी बाबांचं दार घेतलं. बाबा आणि मी आत, ती बाहेर. तिनं दार पूर्ण उघडून सोडलं. ते ठाम चालीनं आलं आणि कट् करून बसलं. बाहेरचा सगळा आवाज तुटला. काकूंची मशीन, मास्तरांचा रेडिओ, सगळं गेलं.

बाबांनी दारावर तळहात ठेवला. मी स्वयंपाकघरात आहे असं त्यांना वाटलं असावं. मी मागेच उभी होते. दाराला तोंड जवळ नेऊन ते हळूच म्हणाले, "तुझी मान अडकली होती गं बारके. खरं बोललीस तरी, खोटं बोललीस तरी, तू जन्मभर रडली असतीस. म्हणून मी बोललो."

दारातून काहीही पलीकडे जाणार नाही, हे त्यांना आता पक्कं माहीत होतं.

दार उघडलं. आत्या हातातली बॅटरी विझवत आत आली. "काही म्हणालास का दादा?"

"म्हटलं, खालची बिजागरी जरा कुरकुरतेय."

आत्या लगेच जमिनीवर बसली, दार थोडं हलवलं आणि बिजागरीला कान लावला. बिजागरी नवी कोरी, ती कशाला कुरकुरेल! पण आत्या बराच वेळ तशीच बसून ऐकत राहिली.